एका गव्हाणीची रीत

ता. ६ एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दरवर्षी ऊन तापायला लागलं की मी तुला एकच पत्र लिहितो आणि तू उत्तरात काकड्या किती लागल्या ते कळवतेस. आई गेल्यापासून हेच चाललं आहे. मी म्हणायचं की त्या जमिनीच्या तुकड्यावर एकटीने पाणी ओढून तुझी कंबर गेली, चौथ्या मजल्यावर खोली रिकामी आहे, ये. तू म्हणायचं की शेळ्या आहेत तोवर हलणार नाहीस, आणि त्या नसतील त्या दिवशी न बोलावता येशील. पालथ्या घड्यावर पाणी तरी किती घालायचं! यंदा मी हरलो.

म्हणून या पत्राबरोबर शेळीच पाठवतो आहे. बाजारात गेलो होतो कात्र्यांना धार लावायला, आलो शेळी घेऊन. तुझी भावजय दारात बघतच राहिली. मी बोलूनचालून शिंपी, मला शेळीतलं काय कळतं? पण अंगावरून हात फिरवला तर केस अस्तराच्या कापडासारखे मऊ, डोळे स्वच्छ, कास भरलेली. जिना ती माझ्या आधी चढली. तुझ्यासाठी ठेवलेल्या खोलीत मुक्काम करून पडद्याचा कोपरा खाऊन गेली. खोली एकदाची वापरात आली म्हणायची.

तू तिथेच राहणार, हे मी मनापासून मान्य केलं, एवढाच या भेटीचा अर्थ. खऱ्या आत्यासारखं नाक मुरडणाऱ्या तुझ्या त्या थोरल्या शेळीला, कळपातल्या आत्याला, माझा नमस्कार सांग.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा धाकटा


ता. १२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शेळी पोचली. टेम्पोवाल्याने तिला पुढे आपल्या शेजारी बसवून आणलं, कारण मागे तुझ्या कापडाचे गठ्ठे होते आणि त्याला धास्ती वाटली. उतरली ती थेट माझ्या भेंडीच्या वाफ्यात. तुझ्या पारखीला हसायचं ठरवून बाहेर आले होते, पण अशी देखणी शेळी या बाजूला कोणाकडे नाही. पत्र वाचून विहिरीच्या काठावर बसून रडले. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा मला ये म्हणाला नाहीस.

इकडे ऊन मी म्हणतंय. टोमॅटो दुपारी माना टाकतात तेव्हा वाटतं, संपलं; संध्याकाळी पाणी दिलं की पुन्हा उभे. कोंबड्या चोची उघड्या टाकून गोठ्याच्या सावलीत बसतात आणि अंडी मात्र भोपळ्याच्या वेलात लपवतात. तीन पोहरे ओढले की विहीर धापा टाकते, मग तिच्याबरोबर मीही बसते.

एक अडचण आहे. जनावरांचे डॉक्टर कोंबड्या बघायला आले होते. त्यांनी नव्या शेळीकडे पाहून बजावलं की बाजारातलं जनावर आहे, महिना-दीड महिना लांब बांधा, चारा वेगळा, पाणीही वेगळं. म्हणून तिला पलीकडे तुतीखाली बांधली आहे आणि नाव ठेवलं आहे पाहुणी. ती दिवसभर ओरडते आणि चाऱ्याला तोंड लावत नाही. इकडून आत्या तिला उत्तर देते, बहुधा शिव्याच. माझा जीव दोन्हीकडे ओढतो. तुझं काय मत ते कळव.

सर्वांना माझा आशीर्वाद, भावजयीची पडद्याबद्दल माफी मागते.
तुझी ताई


ता. १७ एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला, तुझा नाही, डॉक्टरांचा. पाहुणी काय म्हणून? ती घरची आहे. आई नवं जनावर आणलं की पहिल्याच संध्याकाळी त्याला सगळ्यांबरोबर एका गव्हाणीत खायला सोडायची, विसरलीस? तोंडाला तोंड लागलं पाहिजे, म्हणायची, आणि मग त्याला कळपाच्या मधोमध बांधायची. दारात ठेवलेलं जनावर दारचंच राहतं, असं तिचं ठाम मत होतं. तिच्या हातून कधी काही बिघडलेलं मला तरी आठवत नाही.

डॉक्टर भले शिकलेले असतील, पण ते सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवतात. आपला गोठा त्यांना काय माहीत? लहानपणी मी तापातून उठलो तेव्हा सगळे मला लांब बसवत होते आणि तू मला तुझ्याच ताटात जेवायला घेतलंस. मी त्याने बरा झालो असं मी आजही सगळ्यांना सांगतो. उपाशी ठेवून शेळी मारायची का? आईची रीत मोडू नकोस. आणि माझी भेट झाडाखाली एकटी ओरडते आहे, हे मला इथे मशीनवर बसूनही ऐकू येतं.

माझ्या आगाऊपणासकट माया असू दे.
तुझा धाकटा


ता. २५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झालं तुझ्या मनासारखं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. पत्र आलं त्याच संध्याकाळी पाहुणीला सोडून आणली. आत्याने आधी दोन ढुशा दिल्या, अगदी खरी आत्या नव्या सुनेला देईल तशा, आणि मग सरकून जागा केली. सगळ्यांनी एका गव्हाणीत माना घातल्या. ठुमकी, म्हणजे माझं सगळ्यात लहान करडू, तर तिच्या पोटाखालीच शिरली. मी आपली खांबाला टेकून उभी, आणि आई मागे उभी असल्यासारखं वाटलं.

आता ओरडणं बंद. दूध इतकं की शेजारच्या गवंड्याच्या बायकोलाही देते. लेंडीखताने काकड्यांना जोर आला आहे. असा उन्हाळा कितीतरी वर्षांत आला नव्हता रे. हसू येतं की मी आता इथून हलावं असं तुझ्याही मनात नाही, तेव्हा भांडायला विषय उरला नाही. काही नवा शोधून काढ.

तुम्हा सर्वांवर माझा जीव आहे, तो काही आटणार नाही.
तुझी ताई


ता. १४ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आत्या गेली. खरी नव्हे, शेळी. हे आधीच लिहिते म्हणजे घाबरणार नाहीस, पण घाबरावं असंच आहे.

आधी ठुमकी खोकायला लागली. धुळीने असेल म्हणून मी गूळपाणी दिलं. मग आत्याला ताप भरला. पुढचे पाय फाकवून, मान लांब करून ती नुसती उभी राहायची, बसली की श्वास कोंडायचा. डॉक्टर आले, छातीला नळी लावून तपासलं. मग नवी शेळी कधी आत घेतली ते विचारलं. मी सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. सुया सगळ्यांना दिल्या आहेत. ठुमकी अजून आहे, मांडीवर घेऊन बसते. टोमॅटोंना पाणी घातलेलं नाही.

तू येऊ नकोस. येऊन करणार काय?
तुझी ताई


ता. १९ मे

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मशीनवर हात चालत नाही. गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. तुझी भावजय म्हणते की नुसतं बसून राहण्यापेक्षा लिही, म्हणून लिहितो. पाहुणीमुळे झालं का? तीही आजारी आहे का? मला खरं ते सांग, माझं मन राखायला गोड लिहू नकोस. शेळी मी पाठवली आणि आत घ्यायलाही मीच लावलं. डॉक्टरांची मी जी टवाळी केली ती आठवली की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

लगेच लिही, दोन ओळी का होईनात.
तुझा धाकटा


ता. २७ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

खरं विचारलंस म्हणून सांगते. सगळ्या गेल्या. ठुमकी शेवटी गेली, सकाळी दूध पाजायला गेले तर थंड झाली होती. गवंड्याने खड्डे खणून दिले. बिचारा दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधून येतो आणि संध्याकाळी माझ्यासाठी हे.

पाहुणी ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणतात की तिला हा छातीचा रोग आधी कधी तरी होऊन गेला, ती त्यातून उठली, पण तो तिच्यात राहिला. वरून काही दिसत नाही, तू काय किंवा मी काय, कोणालाच दिसलं नसतं. महिनाभर लांब ठेवली असती तर तिचं रक्त तपासून घेणार होते. आता रिकाम्या गोठ्यात ती एकटी त्या गव्हाणीत खाते आणि मी गेले की आनंदाने ओरडते. दूध काढते आणि मातीत ओतते. तिचा राग यावा असं फार वाटतं.

तुला मी दोष देत नाही. तू लिहिलंस आणि मी केलं. दोर माझ्या हातात होता. पण मला आता फार थकल्यासारखं झालं आहे, धाकट्या. सकाळी उठून कोणासाठी बाहेर जायचं ते समजत नाही.
तुझी ताई


ता. १ जून

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ठरलेलं वाक्य मला पाठ आहे आणि त्याचीच मला भीती वाटते आहे. शेळ्या नसतील त्या दिवशी येईन, म्हणायचीस. ताई, तू येऊ नकोस. इतकी वर्षं ये ये म्हणून डोकं खाल्लं, आता हात जोडून उलटं मागतो. पाहुणी आहे ना? तिला ठेव. आता तिच्यापासून रोग लागायला कोण उरलंय? एक शेळी, चार कोंबड्या, तुझे वाफे. तेवढ्यावर तू राहशील. तू राहिलीस तर मला वाटेल की माझ्या हातून सगळंच गेलं नाही.

तू त्या खोलीत येऊन बसलीस तर मी त्या दारावरून कसा जाऊ? एवढं माझं ऐक. मागचं ऐकायला नको होतं, हे ऐक.

तुझ्या मायेला लायक नसलेला,
धाकटा


ता. १० जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाहुणीही गेली. म्हणजे मी घालवली. सोमवारी डॉक्टरांना बोलावून सुई द्यायला लावली.

तुझं पत्र आल्यावर तिला ठेवायचं मी ठरवलंही होतं. पण कुंपणापलीकडे गवंड्याची करडं आहेत, आणि जनावराला एकटं राहवत नाही. पाहुणी दोर तोडून कुंपणाशी जाऊन उभी राहिली आणि ती करडं फटीतून नाक घालून तिला हुंगायला आली. मी धावत गेले, पडले, ओरडून त्यांना हाकललं. गवंड्याची बायको माझ्याकडे बघत राहिली, तिला वाटलं मला वेड लागलं. करडं अजून तरी बरी आहेत, रोज विचारते. एक दलाल तिला घेऊन जातो म्हणून आला होता. माझ्या दारातलं मरण मी दुसऱ्याच्या गोठ्यात बांधायला देणार नाही, असं सांगून त्याला वाटेला लावलं. मान मी धरली होती. तिने ती विश्वासाने माझ्या खांद्यावर टाकली. राग शेवटपर्यंत आला नाही.

तुझाही नाही. पण तू खरं ते सांग म्हणाला होतास. डॉक्टरांचं ऐकलं असतं तर आज सगळ्या जिवंत असत्या. हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. आपण दोघांनी ते केलं, मायेपोटी केलं, आणि मायेपोटी केलं म्हणून ते काही कमी होत नाही. ते आपल्या दोघांमध्ये राहणार. तू खोलीवरून जाताना मान खाली घालू नकोस, एवढंच.

गोठा धुऊन चुना मारला. कोंबड्या गवंड्याच्या बायकोला दिल्या, टोमॅटोही तिलाच तोडून न्यायला सांगितले, मला हात लावावासा वाटेना. शनिवारी येते.

माझ्यासाठी वेगळं काही करू नका, पडेल ते खाईन, सांगाल तिथे निजेन. फक्त घरात सगळ्यांना सांगून ठेव. पहाटे मला जाग येईल. मी उठून बसेन, कदाचित दारापर्यंत जाऊन कडीही काढेन. तेव्हा काय हवं म्हणून कोणी विचारू नये. थोड्या वेळाने माझं मला आठवेल.

कळावे. उरला आहे तो लोभ जपू.
तुझी ताई