तू तर घरचीच

४ फेब्रुवारी
शिकवणीच्या बुकिंगची साइट. नाव नोंदवताना पहिल्याच रकान्यात अडकले. ‘तुमच्या व्यवसायाचं नाव.’ सतरा वर्षं लोकांना गाडी शिकवली, पण नवऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. बोर्ड त्याचा, शिक्का त्याचा. मला सगळे ‘स्कूलवाल्या वहिनी’ म्हणायचे. हे काय व्यवसायाचं नाव झालं? शेवटी नुसतं माझं नाव टाकलं. टाइप करताना दुसऱ्याच कुणा बाईचं लिहितेय असं वाटलं.

५ फेब्रुवारी
‘स्वतःबद्दल थोडक्यात लिहा.’ थोडक्यात म्हणे! लिहिलं — गाडीची भीती वाटणाऱ्यांना शिकवते, ओरडत नाही. बुकिंगच्या साइटला एवढं पुरे. बाकीचं इथे.

नोव्हेंबरात स्कूलचा बोर्ड नव्याने रंगवला. वर त्याचं नाव, खाली पुतण्याचं. पुतण्याला येऊन वर्षही झालं नव्हतं. माझं नाव कुठेय, असं विचारलं, तर रंगाऱ्यासमोरच म्हणाला, “तुझं कशाला? तू तर घरचीच.” रंगारी हसला. मीही हसले — तेच जास्त लागतं आता. राग आला तो तीन दिवसांनी, भर चौकात, एकीला वळण शिकवताना. तिला गाडी कडेला घ्यायला लावली आणि नुसती बसून राहिले. बिचारीला वाटलं तिचंच काही चुकलं.

डिसेंबरात बॅग भरून निघाले. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “गॅस बंद केलास ना?” सतरा वर्षांचा निरोप!

इतकी वर्षं या वहीत ‘हे’ लिहायचे. आता ‘तो’.

८ फेब्रुवारी
फोटो नामंजूर. ‘चेहरा स्पष्ट दिसत नाही.’ कसा दिसेल? माझ्याकडचे सगळे फोटो पास झालेल्यांचे. ते स्टिअरिंग धरून दात काढतायत आणि शेजारच्या सीटवर माझा अर्धा कान. भाड्याची ही खोली दातांच्या दवाखान्यावर आहे. तिच्या भिंतीला टेकून नवा काढला. दाढ ठणकतेय असा आलाय. तोच लावला.

११ फेब्रुवारी
जुन्या विद्यार्थ्यांचे तीन अभिप्राय हवेत. नर्सबाईंनी ड्युटीवरून आल्या आल्या, उभ्याउभ्याच लिहून दिला. औषधाच्या दुकानदारांनीही दिला. मग मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. क्लच जमेना म्हणून या बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या आहेत! तर म्हणाल्या, आमची सून आता तुमच्या मिस्टरांकडेच शिकतेय, उगाच मध्ये पडायला नको. मी म्हटलं, हो हो, बरोबर आहे. फोन ठेवला आणि आवरलेलंच कपाट पुन्हा आवरलं.

१३ फेब्रुवारी
तिसरा अभिप्राय वाचनालयातल्या बाईंनी दिला. प्रोफाइल सुरू झालं. सोमवार ते शनिवार, सगळ्या वेळा हिरव्या. म्हणजे मोकळ्या.

१५ फेब्रुवारी
कोणी नाही.

१७ फेब्रुवारी
कोणी नाही. माझी जुनी गाडी खाली उभी आहे. मेकॅनिकने माझ्या बाजूला दुसरा ब्रेक बसवून दिलाय. आज उगाच खाली जाऊन दाबून आले.

१९ फेब्रुवारी
प्रोफाइल थांबवलं! कुणीतरी तक्रार केली म्हणे — ‘सतरा वर्षांचा अनुभव खोटा आहे.’ कुणी, ते साइट सांगत नाही. सांगायची गरजही नाही. सात दिवसांत पुरावा द्या.

२१ फेब्रुवारी
गेले. नाक मुठीत धरून स्कूलमध्ये गेले. अनुभवाचं पत्र मागितलं. तो टेबलामागे, पुतण्या फोनवर. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत शर्टाला बटण लावत होत्या.

तक्रार त्यानेच केली होती, लपवलंसुद्धा नाही. वर शांतपणे मलाच विचारतो, “तू नोकरीला होतीस कधी? कुठल्या कागदावर?”

खरंच नाही कुठल्या कागदावर. मी सासूबाईंकडे पाहिलं. रोज सकाळी सहाला मी गाडी काढायचे ते त्यांनी सतरा वर्षं खिडकीतून पाहिलंय. एक शब्द! एक शब्द काढला असता तर! त्यांनी दोरा दाताने तोडला आणि दुसरं बटण घेतलं.

त्याचा राग नाही एवढा. तो तसाच आहे. पण त्या? त्यांना मी आई म्हणायचे.

२२ फेब्रुवारी
अंग मोडून आलं. जेवले नाही. प्रोफाइल काढूनच टाकावं का?

२४ फेब्रुवारी
नर्सबाई जिना चढून वर आल्या. हातात त्यांचं जुनं शिकवणीचं कार्ड. चोवीस दिवस, चोवीस सह्या — सगळ्या माझ्या! मला तर आठवणही नव्हती. दुकानदारांकडेही निघालं. वाचनालयातल्या बाईंचं तर सतरा वर्षांपूर्वीचं, पुस्तकात खूण म्हणून घातलेलं होतं. तिन्हींचे फोटो पाठवले.

नर्सबाई म्हणाल्या, “फाडायचं जिवावर आलं हो, म्हणून ठेवलं.” मी पाठ फिरवून चहा ठेवला.

२७ फेब्रुवारी
पुरावा मान्य. प्रोफाइल पुन्हा सुरू. आनंद व्हायला हवा होता. सतरा वर्षं म्हणजे तीन पिवळी कार्डं.

१ मार्च
कोणी नाही.

३ मार्च
पहिलं बुकिंग आलं. नाव ओळखीचं वाटेना. फोन नंबर पाहिला. सासूबाई. नाव माहेरचं घातलंय.

वय सदुसष्ट. भेटायची जागा — ‘घराजवळ नको.’ शिकाऊ परवाना — आहे. ऑक्टोबरात काढलेला. मी निघाले त्याच्या दोन महिने आधी.

‘गाडी कशासाठी शिकायची आहे?’ या रकान्यात लिहिलंय : ‘मलाही निघायचं आहे.’