विमानाचं भाडं आणि तराजूतला बर्फ

आई,

आज मी एका कागदावर सही केली नाही, आणि ते कुणाला सांगावं म्हटलं तर तूच आठवलीस. तू गेलीस तेव्हा मी नुकतीच तारापूरच्या कारखान्यात लागले होते. बोईसरच्या बाजारात मासळी विकता विकता तू सगळ्यांना सांगायचीस, पोरगी आफिसात हाय, फिरत्या खुर्चीवर बसते. पण मी तिथे करते काय, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. परदेशातून आमच्या यंत्रांचे सुटे भाग येतात, त्यांची कागदपत्रं मी बघते. त्यांच्यावर कस्टम ड्यूटी भरायची असते, आणि ती नुसत्या मालाच्या किमतीवर नसते, माल इथवर आणायचं भाडं आणि विमाही त्यात धरतात. आता यंत्र बंद पडलं की बोटीची वाट बघत कोण बसणार? भाग विमानाने मागवतात, आणि ते भाडं कधी कधी मालाच्या किमतीच्याही वर जातं. म्हणून नियम असा आहे की विमानाला कितीही पैसे मोजलेले असोत, ड्यूटी लावताना भाडं मालाच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या वर धरायचं नाही. अडलेल्याची सोय बघणारा नियम आहे, मला तो आवडतो.

आमच्या नव्या साहेबांनाही तो आवडला, पण वेगळ्या कारणाने. परवा एक पंप आला. माल दहा लाखांचा, भाडं तीन लाख. साहेबांनी विकणाऱ्याला सांगून दुसरं बिल मागवलं: माल सात लाख, भाडं सहा लाख. बेरीज तेवढीच. पण किमतीतले तीन लाख भाड्यात सरकवले, आणि भाडं पाचव्या हिश्श्यावर थांबतं, म्हणजे ड्यूटी कितीतरी कमी. "मॅडम, सप्लायर तयार आहे, तुमचं काय जातंय?" म्हणाले. किंमत खरी आहे असं लिहून द्यायच्या कागदावर सही माझी लागते, एवढंच माझं जात होतं.

मला तुझा तराजू आठवला. मी सातवीत असेन. तू जरा पलीकडे गेलीस आणि शाळेतल्या बाईंना पापलेट मीच तोललं, बर्फासकट. बाई गेल्यावर तुला सांगितलं, वाटलं, शाबासकी मिळेल. तू सगळ्यांसमोर कान पिळलास. "बरफ आपल्या सोयीचा हाय. त्यांच्या पोटात नाय जात, तर तराजूत कशाला?" आणि एक मोठं पापलेट पिशवीत घालून मला बाईंच्या घरी पाठवलंस, माफी मागून ये म्हणून. मला तुझा इतका राग आला होता की वाटभर रडत गेले.

आज मी साहेबांच्या केबिनचं दार वाजवलं. म्हटलं, मासळीचा भाव बर्फात लपवायचं काम माझ्याच्याने होणार नाही, कागद जाईल तो पहिल्या बिलाचा. ते हसले, मग हसायचे थांबले. उद्यापासून माझं टेबल दुसऱ्याला देतील म्हणाले. देऊ देत. लेकीचं कॉलेज अजून दोन वर्षं आहे, भीती वाटतेच. पण उद्या नऊ वाजता मी त्याच खुर्चीवर बसणार आहे, आणि सही हवी असेल तर दहा लाखांवरच करणार आहे.

हे पत्र कुठे टाकणार, म्हणून मासळीच्या तुझ्या जुन्या टोपलीत ठेवतेय. एक राहिलं. माझी पोरगी चूक कबूल करून आली, हे तू मरेपर्यंत बाजारात सांगत राहिलीस. आई, मी बाईंच्या दारापर्यंत गेले होते. दार वाजवायचा धीर झाला नाही. ते पापलेट मी जिन्याखालच्या मांजरांना घातलं.