लेकराले कायचा वात?

१८ नोव्हेंबर, मंगळवार
शेजारच्या साधनावहिनी पुन्हा शीलाला घेऊन आल्या. "लचक भरली हाये, हरीभाऊ. पाय लाव."

मी पायाळू. पायाकडून जन्मलो, म्हणून अर्धं कामरगाव लचक भरली की माझा पाय, म्हणजे हलकी लाथ, लावून घेतं. पण सहा वर्षांच्या शीलाचा गुडघा दिवाळीपासून सुजलेलाच आहे. ती पडली नाही, तिला कुठे लागलं नाही. सकाळी लंगडते, दुपारी बरी. वहिनींना वाटतं, माझ्या पायाने बरी होते. मला भीती वाटते. पाय लावला — हलकाच.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अकोल्याच्या डॉक्टरबाई आल्यात. किती मुलांना सांध्यांचा आजार आहे, याची पाहणी. घरोघर विचारतात, "मुलाला संधिवात आहे का?" सगळीकडे एकच उत्तर, 'नाही'. भागिरथाआजी तर हसलीच. "वात मले झाला, बाई. लेकराले कायचा वात?"

(संधिवात. 'संधी'तला धी दीर्घ, इथे ऱ्हस्व. शब्दकोशात पाहून घेतलं.)

२१ नोव्हेंबर
बाई थकून आमच्या ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "इथे लेकराचा गुडघा सुजला की कुठे नेतात?"
खाली मान घालून म्हणालो, "माझ्याकडे."
वाटलं, रागावतील. त्या उठल्या. "चला, अशा लेकराच्या घरी न्या मला."

शीलाचा गुडघा पाहून बाई म्हणाल्या, संधिवात असू शकतो; अकोल्याला बोलावलं. वहिनी माझ्यावर भडकल्या. "तुनं तं माह्या पोरीले म्हातारी करून टाकलं!"

२ डिसेंबर, मंगळवार
अकोला. संधिवातच निघाला. लहान मुलांना होणारा, वेगळा. डोळेही तपासले. शीला कधी डोळा दुखतो म्हणाली नव्हती, तरी आत सूज! "वेळेत आणलंत, नजर वाचेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. गुडघ्यात इंजेक्शन दिलं, औषध सुरू केलं.

फाट्यावर एसटीतून उतरताना वहिनी म्हणाल्या, "बोलला ते बरं केलं तुनं."
उपकार डॉक्टरबाईंचे. ओट्यावर माझं ऐकून हसल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो.

१४ डिसेंबर
मोठ्यांना पाय लावतो. लेकरांना नाही. लेकरू आलं की आधी विचारतो — सकाळी सांधा आखडतो का?

११ जानेवारी, रविवार
शीला सकाळी सकाळी आली. धावत. "हरीकाका, वळ तिकडं. आज म्या तुले लाथ मारतो."
मारली. त्याच पायाने. चांगलीच लागली. पाठ अजून दुखते आहे. दुखू दे.