सहकार्याची फिरती ढाल

ती. उर्मिलाताईस,

धाकट्या जयवंताचा नायगावातून वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? माझी तब्येत बरी आहे, म्हणजे डॉक्टरच्या मते. मनाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

माझी नात मनू वर्गात मुलांना मारते म्हणून शाळेने हितेंद्रला बोलावून घेतलं होतं. (बाप असून तो तिथे गप्प बसला. लहानपणी माझ्यासमोर कधी बसला नाही.) एकटी वाढतेय, चार मुलांत खेळवा, असं बाई म्हणाल्या. आता चार मुलं आणायची कुठून? पुनर्विकासापायी चाळीतल्या निम्म्या खोल्या रिकाम्या. तरी उरलीसुरली पोरं गोळा करून मी मंडळाच्या खोलीत रविवारचा वर्ग काढला. सगळ्यांनी मिळून चादर कडेने धरायची आणि तिच्यावरचा चेंडू पडू द्यायचा नाही. राग आला की बशीतल्या चहावर घालतो तशी फुंकर घालायची. (सुरुवातीला फुंकरांनीच चेंडू पडायचा.) पण ताई, मनू हसायला लागली. शाळेच्या तक्रारी थांबल्या.

मग मंडळाच्या दीपकने घात केला. आपल्याकडे बक्षिसाशिवाय काही पार पडल्याचं तुला आठवतं का? त्याने ‘सर्वांत जास्त सहकार्य करणारे मूल’ अशी फिरती ढाल जाहीर केली, वर प्रमुख पाहुणेही बोलावले. झालं! आया दारातून ओरडायला लागल्या, “घट्ट धर रे, सोडू नको! सायबांना दिसू दे!” पोरांनी इतकं घट्ट सहकार्य केलं की चादर उभी फाटली. कुणाच्या पोराने फाडली यावरून आया भांडल्या, मग बाप भांडले. फुंकर एकानेही घातली नाही. ढाल दीपकच्या कपाटावर पडून आहे आणि वर्गाला कुणी पोर पाठवत नाही.

आता रविवारी मी आणि मनू दोघंच नवी चादर धरून उभे राहतो. ती मधोमध लोंबते, चेंडू तिथेच बसून राहतो. फार वाईट वाटतं गं. परवा शाळेतून पुन्हा फोन आला.

बाकी सर्व ठीक.

तुझा,
जयवंत

ता. क. खरं काम राहिलंच. दिवाळीच्या सुट्टीत तुझे दोन्ही नातू इकडे पाठव. चकल्या करून ठेवतो.

आणखी एक ता. क. धाकटा चावतो असं कानावर आलंय. चालेल. काल मनू विचारत होती, “आबा, आता भांडायला पण कोणी नाय येणार काय?”