उलटी ढाल

एर्लेनग्रुंड, जर्मनी
४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
टीनाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही 'बरं आहे' याच्या पुढं जात नाही, म्हणून हे पत्र. इथल्या दफ्तरात मला एका जुन्या सरदार घराण्याची वंशावळ लावायचं काम मिळालंय. सरदार कसले, सौंदडएवढी चार गावं! तरी अकरा पिढ्यांचा तोरा. १७४१ साली शेवटचा वारला. मुलगा नव्हता. मग रीतीप्रमाणे घराण्याची ढाल उलटी करून त्याच्यासोबत पुरली आणि वंश बुडाला म्हणून जाहीर केलं. वंशावळीत त्याच्या खाली फक्त 'एक मुलगी'. पण बाबा, पुढची तीस वर्षं तळ्याची पाळ, गिरणी, गावचे तंटे, सगळ्या कागदांवर तिचीच सही आहे. मार्गारेटे. नाव सापडलं तेव्हा मला रडूच आलं.

गुडघ्याला तेल लावत जा. आशीर्वाद असू द्या.
तुमची टीना

सौंदड
२ डिसेंबर

चि. टीनास अनेक आशीर्वाद.

धान चुरून झाला, मळणी आटोपली. तब्येत ठीक. तुझं पत्र वाचून मात्र माझंच बोलणं आठवलं. मागच्या साली आपल्या कुळाच्या पिढ्या लिहिणारा भाट पोथी घेऊन आला होता. उदारामच्या, म्हणजे माझ्या, पुढं कोण, असं त्यानं विचारलं. मी म्हणलो, कोणी नाही, रेघ ओढून टाका. तू आत त्याच्यासाठीच चहा करून राहिली होती. तुझी आई गेल्यावर घर, शेत, माझं दवापाणी, सारं तूच पाहिलं; आन् मी असा बोललो. काऊन बोललो, मलेच समजत नाही. लाज वाटते, बाई.

तुझा बाप, उदाराम

एर्लेनग्रुंड
२० डिसेंबर

ती. बाबांस सा. न.

मी ऐकलं होतं. चहा उतू गेला तो त्यामुळेच, आणि वर तुम्हीच ओरडलात, लक्ष कुठं आहे म्हणून. फार राग आला होता. तुम्ही लिहिलंत म्हणून कमी झाला. गेला असं म्हणत नाही. भाट आता बारा वर्षांनी येईल. राहू द्या.

टीना

सौंदड
१४ जानेवारी २०२५

चि. टीनास आशीर्वाद.

बारा वर्षं कोण थांबते? सकाळच्या गाडीनं भाटाच्याच गावाला गेलो. तो म्हणे, पोरीचं नाव लिहायची रीत नाही. मी म्हणलो, रेघ माझ्या तोंडून ओढली, आता माझ्याच तोंडून खोडा. दुपारपर्यंत त्याच्या ओसरीवर बसून राहिलो. गुडघा ठणकला, पण उठलो नाही. शेवटी त्यानं लिहिलं: उदाराम, त्याची मुलगी टीना. मी चष्मा लावून दोनदा वाचलं.

तिच्या खाली काय लिहू, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हणलो, जागा सोडा.

बापावर लोभ ठेव, बाई.
उदाराम