बाईंची हजेरी

ती. ताईस नमस्कार.

मी ठीक आहे, खोली उबदार आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

पहिलीच्या बाई गेल्याचं तुझ्या पत्राने कळलं. शेवटी त्यांना कोणी ओळखू येत नव्हतं, पण अंथरुणातून आमच्या वर्गाची हजेरी घ्यायच्या आणि माझ्या नावापाशी अडून बसायच्या, असं तू लिहिलंस. शाळेतही तशाच होत्या. "कुठे उलथली ही कार्टी?" म्हणत मला न्यायला घरी यायच्या.

तू उशाशी होतीस ना, ताई? मग माझ्याऐवजी 'हजर' का म्हणाली नाहीस? आपला आवाज तर सारखाच आहे. बाई वाट बघत गेल्या.

काल लाँड्रीत इस्त्री करताना मी मोठ्याने 'हजर' म्हटलं. यंत्रांच्या घरघरीत माझं मलाच ऐकू आलं नाही.

आईला हे वाचून दाखवू नकोस.

तुझी धाकटी