दोन पात्यांचा बाण

बाबा, आज तुमच्याशी बाणांबद्दल बोलायचं आहे, म्हणजे ज्या विषयावर तुम्ही माझ्याशी कधी धड बोलला नाहीत. ऐंशीच्या दशकात, लंडनजवळ पिनरच्या घरी, खंडेनवमीला तुम्ही पाटावर तुमचं जुनं स्काल्पेल मांडायचात, शेजारी दादाची मेडिकलची पुस्तकं. मी माझं धनुष्य घेऊन आले तर म्हणालात, "ही कामाची हत्यारं आहेत, खेळणी नव्हेत." तेव्हा मी काउंटीकडून तिरंदाजी खेळत होते. आईने माझ्या धनुष्याकडे नेलेलं कुंकवाचं बोट मागे घेतलं.

पण खरा राग आहे तो नव्वदच्या दशकातल्या त्या रविवारचा. आर्चरी क्लबातल्या मैत्रिणीने मला कोलोराडोला एल्कच्या शिकारीला बोलावलं होतं. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरिण. इथे ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार करायला बंदी, त्यामुळे बाण कोणता घ्यावा हे विचारायचं कोणाला? आई तर मंडळात सांगत होती, "वॉकिंग हॉलिडेला चाललीय." हलका बाण सरळ जातो, अंतराचा अंदाज चुकला तरी सांभाळून घेतो; जड बाण लवकर खाली येतो, पण खोल शिरतो. टोकाला रुंद तीन पाती लावायची की अरुंद दोन, तेही ठरत नव्हतं. माझं धनुष्य कमी ताणाचं, म्हणजे बाणाला जोर कमी. निवड चुकली तर ते जनावर बाण घेऊन दिवसभर तडफडणार, याची मला धास्ती होती. आणि घरात छातीचा सर्जन! काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणून दोन्ही बाण घेऊन मी किचनमध्ये आले. तुम्ही मटणाच्या बरगड्या सोडवत होतात.

"टेक दोज ऑफ द वर्कटॉप, प्लीज. आपल्यात असलं करत नाहीत."

"मटण चालतं की आपल्यात."

"ते बुचर मारतो."

म्हणजे जेवण तुमचं आणि पाप बुचरचं! तेवढ्यात दादा येतो, छातीत नळी घालताना नेमकं कुठून शिरायचं ते विचारतो, आणि तुम्ही असे काही खुलता की बस. त्याच बरगड्यांवर दाखवता, "हाडाच्या वरच्या कडेवरून जायचं, खालून नाही. ब्लेड अरुंद आणि शार्प असेल तर जोर लागत नाही. रुंद ब्लेड अडतं, मग आपण ढकलतो आणि सगळं फाटतं." दादा जांभया देतोय. मी फ्रिजला टेकून प्रत्येक शब्द ऐकतेय, आणि तुम्ही एकदाही माझ्याकडे बघत नाही. तुमच्या या वागण्याचा मला अजून संताप येतो.

त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. पुढच्या सप्टेंबरात मी कोलोराडोला गेले ती जड बाण आणि दोनच अरुंद पाती घेऊन. पाती मी स्वतः दगडावर घासली होती. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला. एल्क थोडा चालला, थांबला आणि कोसळला. तडफड नाही. मैत्रिणीने विचारलं, "हू हेल्प्ड यू चूज?" मी म्हणाले, "नोबडी."

हे पत्र टाकायचं तरी कुठे? पण एवढं कबूल करते. डोंगरावरून खाली मोटेलवर आल्यावर मी पिनरचा नंबर फिरवायला लागले होते, आणि तो फोन आईसाठी नव्हता. तुम्ही असतात तरी "थांब, आईला देतो" एवढंच म्हणाला असतात, हे मला ठाऊक होतं.